भैरोबाची खोळ

डॉ. खांबेट्यांनी भैरोबाच्या पोटावर टिचकी मारली. बाजारात कलिंगड घेताना मारतात तशी. मग कान जवळ नेऊन ऐकलं.

"चार हात," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं, चार हात.

"कुनाचं?" गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसलेल्या सिदू गुरवानं विचारलं.

"तुमच्या देवाचे. आत मूर्ती आहे. चतुर्भुज, उभी, यादवकाळातली. वरच्या उजव्या हातात डमरू, वरच्या डाव्यात त्रिशूळ. खालचे दोन जरा संदिग्ध आहेत."

सिदू गुरव अठ्ठावन्न-साठीचा असेल. त्यानं देवाकडं पाहिलं, मग सरांकडं. "रोज आंगूळ मी घालतो," तो म्हणाला. "मला कवा लागलं न्हाईत."

"लागतील कसे? वर तीनशे वर्षांचा शेंदूर आहे. आपल्याला तोच काढायचाय."

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, कोयनेच्या खोऱ्यातल्या नेचवडे गावची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझी पीएच.डी. चौथ्या वर्षात रुतली होती. सर माझे मार्गदर्शक. मार्गदर्शक म्हणजे ते पुढं चालायचे आणि मी मागून कॅमेरा, तिपाई, दिवा, वायरीचं भेंडोळं आणि त्यांचा थर्मास घेऊन यायचे. त्याच्या दहा वर्षं आधी सरांनी एक दुपार या देवळात काढली होती. शेंदराच्या गोळ्याला दोन्ही अंगांना जे चार फुगवटे आहेत ते हातच, असं त्यांना जेवणाआधी वाटलं आणि जेवणानंतर खात्री झाली. त्यावर त्यांनी चाळीस पानी लेख लिहिला. नेचवड्याला कधी न आलेल्या सहा विद्वानांनी तो आपापल्या लेखांत आधार म्हणून दिला. त्यामुळे हात सिद्ध झाले होते. फक्त दिसायचे बाकी होते.

माझं चौथं प्रकरण त्या हातांवर उभं होतं. विभागात अधिव्याख्यात्याची एक जागा रिकामी होती, मुलाखती जूनमध्ये होत्या आणि निवड समितीवर सर होते. घरी वडिलांशी माझा पक्का करार होता. जूनपर्यंत नोकरी नाही, तर नागपूरचं स्थळ. नागपूरच्या मुलाचा फोटो मी पाहिला होता. त्यात तो स्कूटरला टेकून उभा होता आणि स्कूटर बरी होती.

"खोळ अशी काढायची नसती," सिदूकाका म्हणाले. शेंदराच्या त्या कवचाला गावात खोळ म्हणत. "देव आपला आपून टाकील तवा टाकील. माज्या हयातीत न्हाई टाकली, आबाच्या न्हाई टाकली."

"पण का नाही काढायची?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. दर शनिवारी तेलात कालवलेल्या शेंदराचं एक पूट देवाला चढतं. आणि पूजा बापाकडून लेकाकडं आली, की पहिल्या दिवशी नव्या गुरवानं देवाच्या छातीवर ओल्या शेंदरात आपला पंजा उठवायचा. तो पंधरा दिवस वाळू द्यायचा, आणि मग त्यावर पुढची पुटं. गुरव गेला तरी त्याचा पंजा आत राहतो. असे सात पिढ्यांचे पंजे एकाखाली एक होते. सगळ्यात वर सिदूकाकांचा, त्याखाली आबांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा.

"आबाचं हे बोट निम्मंच हुतं," अंगठ्याशेजारचं बोट दुमडून ते म्हणाले. "गुऱ्हाळाच्या चरकात गेलं. मी बारा वर्सांचा हुतो. फोटू काय न्हाई आबाचा. एकदा मुद्दाम कराडला गेला काढाय, इस्त्रीचं धोतर नेसून, तर दुकान बंद. परत कोन जातंय? तर आबाचं म्हनून एवढंच हाय. ह्याच्या आत."

"मग खोळ काढली तर तुम्हाला बघायला तरी मिळेल."

"आन् मग? निघालेली खोळ त्याच दिशी, सूर्य बुडायच्या आत डोहात सोडायची. घरात ठिवायची न्हाई, देवळात ठिवायची न्हाई. तशी रीतच हाय. आता निदान आत हाय म्हनून ठावं तरी हाय."

मी सरांकडं पाहिलं. ते थर्मासचं झाकण उघडत होते.

"लोकसमजूत," ते म्हणाले. "घ्या लिहून. तळटीपेत घालू."

सिदूकाका नाही म्हणाले तरी गाव नाही म्हणत नव्हतं. सरपंच मारुतराव यांना रस्ता हवा होता. शेजारच्या गावात वर्षभरापूर्वी एक मोडका नंदी सापडला, तो पुरातन ठरला आणि मंत्री येणार म्हणून तिथला रस्ता डांबरी झाला. मंत्री आले नाहीत, पण रस्ता राहिला. नेचवड्याचा देव नंदीपेक्षा कमी पुरातन असावा, हे मारुतरावांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"सायेब, हात निघतील न्हवं नक्की?" त्यांनी सरांना विचारलं.

"चार," सर म्हणाले.

"दोन निघालं तरी भागंल," मारुतराव म्हणाले.

शेवटी ठरलं की देवालाच विचारायचं. देवाला विचारायची त्या भागातली रीत म्हणजे कौल. पांढऱ्या फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. सरांना ही पद्धत फार आवडली. लोकशाही आहे, असं ते म्हणाले. नकार आला तर आपण पुन्हा विचारू, असंही म्हणाले.

सकाळी दहाला अर्धा गाव सभामंडपात जमला. सिदूकाकांनी आंघोळ करून ओलेत्यानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून म्हणाले, "बा भैरोबा, ही शेरातली मानसं आल्यात. तुजी खोळ काढू म्हनत्यात. तुज्या मनात काय हाय ते सांग." मग ते बाजूला बसले. आम्हीही बसलो.

पाऊण तास झाला. पाकळ्या हलल्या नाहीत. शेंदूर तेलकट, पाकळ्या ओल्या, गाभारा गार. देवाला काही बोलायचंच नसावं. मारुतराव घड्याळ बघायला लागले. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मिस रेगे, असंच चाललं तर तुमचं प्रकरण पुढच्या वर्षावर जाईल. मला काही घाई नाही."

मी उठले. फोटोसाठी आणलेला पाचशे वॉटचा दिवा गाभाऱ्याच्या कोपऱ्यात तिपाईवर उभा होता. तो लावला की गावातले सगळे बल्ब मिणमिणे व्हायचे आणि त्याच्यासमोर हात धरवत नसे. देवाचा उजवा खांदा म्हणजे आमच्या डाव्या हाताचा. मी दोनदा खात्री करून घेतली. मग दिवा त्या अंगाला सरकवला, खांद्यापासून हातभर अंतरावर आणला आणि बटण दाबलं. कुणी विचारलं तर सांगणार होते की कौलाचा फोटो घ्यायचाय. कुणी विचारलं नाही. शहरातून आलेली बाई यंत्राशी काहीतरी करतेय म्हणजे बरोबरच करत असणार, एवढा विश्वास लोकांचा असतो.

पाणी सुकायला सहा मिनिटं लागली. पाकळीची कड उचलली, ती वळली आणि सुटून पायाशी पडली. डाव्या खांद्यावरची होती तशीच चिकटून राहिली.

"उजवा दिला," मारुतराव म्हणाले. मंडपात बायकांनी हात जोडले. सरांनीही जोडले. मी दिवा बंद केला. माझ्या पाठीला घाम आला होता आणि मी स्वतःला सांगत होते की तो दिव्याचा आहे.

सिदूकाका पडलेल्या पाकळीकडं बघत राहिले. मग उठले आणि तेल गरम करायला गेले.

खोळ काढायला दुपारचे तीन वाजले. लोखंड लावायचं नाही, म्हणून बाभळीच्या पाचरी केल्या होत्या. कडेनं गरम तेल सोडायचं, पाचर हलकी ठोकायची, पुन्हा तेल सोडायचं. सिदूकाका आणि त्यांचे दोन चुलतभाऊ मिळून हे काम करत होते. प्रत्येक ठोक्याआधी सिदूकाका देवाला काहीतरी पुटपुटायचे. सर मध्येच "सावकाश, डमरू सांभाळा" म्हणायचे. शेवटी आतून एक कोरडा आवाज आला आणि अख्खी खोळ पुढं कलली. तिघांनी ती अंगावर घेतली आणि अंथरलेल्या घोंगड्यावर उतरवली.

आत एक दगड होता. नदीतला, गुळगुळीत, उभट. डमरू नव्हता, त्रिशूळ नव्हता. संदिग्ध हात होते ते तर मुळीच नव्हते.

सर पुढं झाले. त्यांनी दगड दोन्ही बाजूंनी चाचपला. पोलीस एखाद्याचे खिसे चाचपतात तसा वरून खालपर्यंत चाचपला. मग मागं हात घालून पाहिलं. खोळीच्या बाहेरचे ते चार फुगवटे म्हणजे नुसते ओघळ होते. वर्षानुवर्षं तेल खाली उतरून तिथं साचलं होतं.

"सायेब," मारुतराव म्हणाले, "दोन तरी?"

"मूर्ती चोरीला गेली असावी," सर म्हणाले. खोळीच्या आतून मूर्ती कशी चोरीला जाईल, असं कुणी विचारलं नाही. पाच मिनिटांनी सरांनाच ते पटेनासं झालं. मग ते म्हणाले की मूर्ती घडवायचं ठरलं होतं पण घडवायची राहून गेली. चहा आला तोवर त्यांना मार्ग सापडला होता. "मिस रेगे, लिहा. हात आहेत, पण ते संकल्पित आहेत. दगडात ते अजून उतरलेले नाहीत. ही चतुर्भुजत्वाची पूर्वावस्था आहे. उलट हे जास्त महत्त्वाचं आहे." मी लिहून घेतलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करते. चौथं प्रकरण वाचलं होतं.

मारुतराव पाय आपटत निघून गेले. त्यांच्यामागून मंडप रिकामा झाला. सर हात धुवायला विहिरीवर गेले आणि मी कॅमेरा आवरायला खाली वाकले, तेव्हा पहिल्यांदा घोंगड्यावर माझी नजर नीट गेली.

खोळ उतरवताना उलली होती आणि तिचे थर सुटे झाले होते. कडेला शेकडो रेघा दिसत होत्या. केशरी, विटकरी, मधेच काळी, मधेच अगदी पातळ फिकट. सिदूकाका गुडघ्यावर बसून त्या रेघांवरून बोट फिरवत होते.

"ही दुष्काळाची," ते मला म्हणाले. "तेल न्हवतं. आज्यानं पान्यात कालवून लावला, म्हनून अशी पिठावानी झालीया. ही काळी म्हंजे देवळाला आग लागली ती. आन् ही बघा जाड, ह्या साली पीक लई आलं असनार."

थर सगळीकडं सुटले नव्हते. जिथं पंजे होते तिथंच सुटले होते. पंजाचं पूट पंधरा दिवस वाळू देत, त्यामुळे वरचं पूट त्याला कधी पुरतं धरलंच नव्हतं. घोंगड्यावर ते तुकडे परातीएवढे उघडे पडले होते आणि प्रत्येकात एक हात होता. एक रुंद, बोटं फाकलेला. एक लहानखोरा, कदाचित पोरवयात पूजा अंगावर आलेल्या कुणाचा. तळव्याच्या रेषासुद्धा उठल्या होत्या. मी आठ वर्षं शिल्पं बघत होते. लेण्यांतली, देवळांतली, संग्रहालयांत काचेमागची. त्या दुपारी मी जे पाहिलं तसं आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. सात पिढ्यांनी दर शनिवारी थोडं थोडं करून घडवलेली एक वस्तू होती ती. दगड कुणीच घडवला नव्हता. घडवली होती ती ही खोळ, आणि आम्ही ती दगड बघायला फोडली होती.

सिदूकाकांनी एक तुकडा उचलला. त्यावरच्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट निम्मं होतं.

मग त्यांनी आपला तळवा त्या तळव्यावर ठेवला. त्यांचाच थोडा मोठा पडला.

"दिवा देवाच्या उजव्या अंगाला का सरकवला," ते खाली बघतच म्हणाले, "ते मला तवाच कळलं हुतं, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"ह्यो हात बघायचा हुता. माजं आता वय झालं. देव खोळ कवा टाकनार आन् तवर मी असनार का? तुमी दिवा लावला आन् मी गप ऱ्हायलो. देवाफुडं लबाडी तुमी एकटीनं न्हाई केली." मग ते वर बघून म्हणाले, "आता एक करा. सूर्य बुडायच्या आत ह्ये डोहात जानार. त्याच्या आधी ह्या हाताचा एक फोटू काढा. एकच."

मी कॅमेऱ्याचा आकडा पाहिला. चौतीस. विभागानं एकच रोल दिला होता, कारण मूर्ती एकच होती. त्यातले अकरा फोटो सर देवाशेजारी उभे असलेले होते, उंचीचा अंदाज यावा म्हणून. आता दोन उरले होते.

तेवढ्यात सर हात पुसत आले. "किती शिल्लक आहेत?"

"दोन, सर."

"छान. दगड पुढून एक, मागून एक."

"सर, या खोळीत पंजे आहेत. यातला एक जरी घेतला..."

"मिस रेगे, तो मळ आहे. आपण मूर्तीचा अभ्यास करतो, मळाचा नाही." ते हसले. "आणि हे फोटो तुमच्याच प्रबंधात प्लेट्स म्हणून लागणार आहेत. तुम्हीच ठरवा."

सर ठरवा म्हणायचे तेव्हा काय ठरवायचं ते मला ठाऊक असायचं.

सिदूकाका तो तुकडा छातीशी उभा धरून दगडाशेजारी येऊन उभे राहिले. शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे ताठ. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत ते होते, हात होता आणि दगड होता.

"माणूस नको चौकटीत," सर मागून म्हणाले.

मी कॅमेरा तसूभर फिरवला. आता चौकटीत फक्त दगड होता. मी बटण दाबलं.

"आला का?" सिदूकाकांनी विचारलं.

मी कॅमेरा खाली घेतला. त्यांच्या सदऱ्याला शेंदूर लागला होता. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा संशय नव्हता.

"आला," मी म्हणाले.

"चांगला आला न्हवं? बोट दिसतंय?"

"दिसतंय."

मग मी दगडाच्या मागं गेले आणि शेवटचा फोटो घेतला. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा त्यांनी खोळ नव्या धोतरात बांधून डोहाकडं नेली. आबांचा तुकडा सिदूकाकांनी धोतरात घातला नाही, स्वतःच्या हातांत घेतला. मी गेले नाही. मला वायरी गुंडाळायच्या होत्या.

जूनमध्ये मला नोकरी लागली. नागपूरचा मुलगा सुटला. प्रबंधाच्या परीक्षकांनी प्लेट एकेचाळीस आणि बेचाळीस यांचा खास उल्लेख केला, त्यातही मागच्या बाजूचा. सर सन्मानानं निवृत्त झाले आणि त्यांच्या गौरवग्रंथात संकल्पित हातांवर तीन लेख आले. पुढं आमच्या विषयात वारं फिरलं. कलाकृती म्हणजे नुसतं रूप नव्हे, ती एक वस्तू असते, ती कशाची बनली, कुणाचे हात लागले, काय चढलं, काय झिजलं ते बघा, असं सगळे म्हणायला लागले. मीही म्हणायला लागले. या विषयावर माझी आता दोन पुस्तकं आहेत आणि परिसंवादांना मला बीजभाषणाला बोलावतात. मळाबद्दल मी फार सुंदर बोलते, असं ऐकते.

दोन हजार बारा सालच्या मार्चमध्ये विभागात माझ्या खोलीच्या दारात चाळिशीची एक बाई येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायांत प्रवासाची धूळ. कराडला शाळेत शिक्षिका आहे म्हणाली. सिदू गुरवांची मुलगी, नाव रखमा.

"आण्णा गेले, मॅडम. मागच्या महिन्यात."

मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुमचं नाव पुस्तकावर बघितलं म्हणून पत्ता लागला. आण्णा कायम सांगायचे, पुण्याच्या रेगे बाईंनी आबांच्या हाताचा फोटो काढलाय. मी म्हणायचे, पत्र टाकू या, मागवू या. तर म्हणायचे, नको, त्यांची कामं मोठी असतात, त्या पाठवतील." ती थोडी अवघडली. "तेवढा एक मिळाला तर बघा. जो खर्च येईल तो मी देते."

खोटं बोलायला मला पुष्कळ सोयी होत्या. निगेटिव्ह खराब झाली, विभागाला वाळवी लागली, पुरात गेली. मी कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि दोन फोटो तिच्यासमोर टेबलावर ठेवले.

तिनं पहिला बराच वेळ पाहिला. मग दुसरा पाहिला. मग पहिला पुन्हा उचलून खिडकीकडं धरला.

"ह्यात हात कुठाय, मॅडम?"

या प्रश्नाला मी प्रबंधात बावीस पानांचं उत्तर लिहिलं होतं.

"मी काढलाच नाही," मी म्हणाले.

तिनं फोटो एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि माझ्याकडं सरकवले. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"भिंतीला खिळा मारून ठेवलाय आण्णांनी," ती म्हणाली. "चोवीस वर्षं त्याला दुसरं काही टांगू दिलं नाही."